दोरीच आहे हे ठाऊक असूनही

निकानोर नावाचा एक ग्रीक गृहस्थ होता. रात्रीच्या मेजवानीत बासरीवालीनं पहिला सूर लावला की भीतीनं त्याची गाळण उडे. तेच सूर दिवसा कानावर पडले, तर मात्र त्याला काही होत नसे. दुसऱ्या एकाला पुलावरून जाता येत नसे. अगदी उथळ खंदकही त्याला ओलांडवत नसे, पण त्याच खंदकात उतरून चालत जायला त्याची हरकत नव्हती. सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या वैद्यकग्रंथांत या दोघांची नोंद आहे. तेव्हा ‘हल्लीच्या धकाधकीमुळं माणसं घाबरट झाली’ असं म्हणणाऱ्यांनी निकानोरला विसरू नये.

अशा भीतींची यादी वाचताना हसू येतं. कुणाला फुग्यांचं भय, कुणाला पिसांचं. अमेरिकेतल्या नऊ वर्षांच्या एका मुलाला शर्टाच्या बटणांची भीती होती. त्याची हकीकत दोन मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केली. पाच वर्षांचा असताना शाळेत चिकटकामासाठी बटणं घ्यायला तो पुढं गेला, हात निसटला आणि वाडगाभर बटणं त्याच्या अंगावर सांडली. बस, एवढंच. पुढं त्याला बटणांचे कपडे घालवेनात, बटणांना हात लावावासा वाटेना. रोज गणवेश घालून शाळेत जायचं असतं तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहत नाही.

भीती आणि भयगंड यांतला फरक इथंच आहे. साप दिसल्यावर दोन पावलं मागं सरणं हा शहाणपणा झाला. पण सापाचं चित्र असेल म्हणून मुलाचं पाठ्यपुस्तक न उघडणं, पाल असेल म्हणून स्वयंपाकघरात न जाणं, आणि हे महिनोन्‌महिने चालणं, याला डॉक्टर भयगंड म्हणतात. धोका असतो कवडीचा आणि भय असतं रुपयाचं. हा प्रकार दुर्मीळही नाही. बावीस देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१७ साली जो निष्कर्ष निघाला, त्यानुसार शंभरांतल्या सातांहून अधिक माणसांना आयुष्यात कधी ना कधी असा भयगंड होतो. बायकांत हे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळलं.

आपल्या वेदान्तात दोरी आणि सापाचा दृष्टान्त आहे. अंधारात दोरी साप वाटते, दिवा आणला की भ्रम जातो आणि भ्रमाबरोबर भयही जातं. भयगंडाची पंचाईत अशी, की इथं दिवा लागलेलाच असतो. समोर दोरी आहे हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. तरीही छाती धडधडते आणि तळहाताला घाम सुटतो. म्हणून ‘अरे, त्यात घाबरण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही. तो प्रश्न त्यानं स्वतःला हजार वेळा विचारलेला असतो.

बँकेत माझ्याबरोबर एक हेडक्लार्क होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. हिशेबात असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण त्यांनी अधिकारीपदाची बढती तीनदा नाकारली. बदली नको असेल, असा शाखेतला समज. खरं कारण त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. रोकड ठेवायच्या स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे असतात, एक कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. दोघांनी मिळूनच आत जायचं. त्या बिनखिडकीच्या खोलीत आपण असताना जाड पोलादी दार कुणी लोटलं तर, या एका विचारानं अण्णांनी तीन बढत्या सोडल्या होत्या. घरच्यांनाही त्यांनी बदलीचंच कारण सांगितलं होतं.

पुढं त्यांच्या मुलीनं सातव्या मजल्यावर घर घेतलं. जिने चढून धापा टाकत आलेल्या वडिलांना तिनं सरळ विचारलं, “बाबा, तुम्हाला लिफ्टची भीती वाटते का?” इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनंच त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं.

भय येतं कुठून, याचा एक क्रूर प्रयोग अमेरिकेत १९२० साली प्रसिद्ध झाला. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलासमोर पांढरा उंदीर सोडला. मुलगा आधी त्याला मुळीच भीत नव्हता. मग उंदराला हात लावताच त्याच्यामागं पोलादी कांबीवर हातोडा आपटायचा, असं काही वेळा केल्यावर नुसता उंदीर पाहून तो रडू लागला. पुढं ससा आणि केसाळ कोटही त्याला नकोसे झाले. ते भय काढून टाकण्याचं मात्र राहूनच गेलं.

ते काम मेरी कव्हर जोन्स या बाईंनी केलं. त्यांच्याकडे पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता, आधीपासूनच सशाला भिणारा. पीटर आवडीचा खाऊ खात असताना त्या पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवत आणि रोज थोडा जवळ आणत. सशाला न भिणारी मुलंही सोबत खेळत. मध्यंतरी पीटर आजारी पडून इस्पितळात राहिला, परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि भय उलटलं. जोन्सबाईंनी पुन्हा सुरुवात केली. अखेरीस पीटर सशाला कुरवाळू लागला. ही हकीकत १९२४ साली प्रसिद्ध झाली. पुढं दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात अशा पायरीपायरीच्या उपचाराला शिस्तशीर रूप दिलं.

आमच्या लहानपणी खेड्यात पोहायला शिकवण्याच्या दोन तऱ्हा होत्या. एक, पाठीला वाळका भोपळा बांधून हळूहळू पाण्यात उतरवायचं. दुसरी, मागून विहिरीत ढकलायचं. दुसऱ्या तऱ्हेनं काही पोहायला शिकले, काही जन्मभर विहिरीजवळ गेले नाहीत. भयगंडाच्या उपचाराची तऱ्हा भोपळ्याची आहे. अण्णांच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडून दहा पायऱ्या लिहवून घेतल्या. पहिली, न्हाणीघरात कडी न लावता पाच मिनिटं उभं राहणं. मग कडी लावून. मग अडगळीच्या खोलीत. मग लिफ्टमध्ये, पण दार उघडं ठेवून. मग लेकीबरोबर एक मजला, आणि शेवटी एकट्यानं सात. नियम एकच : भीती चढलेली असताना पळ काढायचा नाही, ती उतरेपर्यंत थांबायचं. अण्णा वहीत शंभरपैकी भीतीचे आकडे मांडत, आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक. नव्वदावर सुरू झालेली लिफ्ट महिन्याभरात वीसवर आली.

थांबायचं का? तर टाळण्यानं तात्पुरतं हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच भयाला पोसतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर दरवेळी आपण नुसतं व्याज भरतो, मुद्दल तसंच राहतं. भयाच्या समोर थांबल्यावर ते चढतं, काही काळ टिकतं आणि ओसरतं, हे शरीराला कळावं लागतं. पुस्तकात वाचून ते कळत नाही. झोपेच्या वा शांत करणाऱ्या गोळ्यांनी तेवढ्यापुरतं निभावतं, पण हा धडा गिरवला जात नाही.

सगळ्या भीतींना एकच मात्रा लागू पडत नाही. बटणांच्या त्या मुलाचं उदाहरण घ्या. पायऱ्यापायऱ्यांनी तो बटणं हाताळू लागला, पण त्याचा त्रास वाढलाच. त्याच्या भयात किळस मिसळलेली आहे हे ओळखून तिच्यावर वेगळं काम केलं, तेव्हा तो सुटला. रक्त आणि सुई यांची भीती तर सर्वांत निराळी. इतर भयांत रक्तदाब वाढतो, इथं आधी वाढून मग एकदम उतरतो आणि माणूस भोवळ येऊन पडतो. अशांना ‘अंग सैल सोड’ म्हणणं उलटंच ठरतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात त्यांना हात, पाय आणि पोटाचे स्नायू घट्ट आवळून धरायला शिकवलं, म्हणजे दाब टिकतो. मधुमेहाच्या रोग्यानं सुईच्या धाकानं इन्शुलिन लांबवणं किती महाग पडतं, हे सांगायला नको.

विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी तर स्वतःवरच उपचार केला. तरुणपणी त्यांना मुलींशी बोलायची भीती वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या एका उद्यानात महिनाभर बाकांवरच्या शंभर स्त्रियांशी बोलण्याचा नेम पाळला. त्यांच्या सांगण्यानुसार एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही! पण आभाळ कोसळलं नाही, हे त्यांना कळलं. या पद्धतीचा परिचय मराठी वाचकांना कि. मो. फडके यांनी करून दिला, हे इथं आवर्जून सांगायला हवं.

अण्णा बरे झाले तोवर बढतीचं वय निघून गेलं होतं. ती हळहळ त्यांना राहिली. पण निवृत्तीनंतर पाठीच्या दुखण्यासाठी एमआरआय करायची वेळ आली, तेव्हा त्या अरुंद नळकांड्यात ते अर्धा तास निमूट पडून राहिले. बाहेर आल्यावर मला फोन करून म्हणाले, “साहेब, अखेरची शिल्लक पंधरा.”

घरात असं कुणी असेल तर त्याला भित्रा म्हणू नका, चारचौघांत त्याची नक्कल करू नका आणि प्रेमापोटीसुद्धा विहिरीत ढकलू नका. त्याच्या वतीनं सारं टाळण्याची सोयही करून देऊ नका. अंगारेधुपारे करण्यात वर्षं घालवण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. कुठं जावं हे उमजत नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आणि फोन करण्याआधी, अण्णांच्या लेकीनं विचारला तसा साधा प्रश्न, आवाज न चढवता, विचारून पाहा.