नाकाजवळची हवा

सन २०२५ च्या जानेवारीत धार जिल्ह्यातील पीथमपूरचे नाव वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी तेथे आणण्यात आला. गावकरी रस्त्यावर आले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि कचरा जाळला जात असता धुराड्यातील व आसपासच्या हवेचे मापन झाले. १९८४ च्या भोपाळनंतर लोकांनी हवेविषयी सावध असावे हे योग्यच होय. परंतु कामगार ज्या हवेत दिवसाचे आठ तास राबतो, ती धुराड्याबाहेरची नव्हे. ती यंत्राशेजारी, चार भिंतींच्या आत, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर असते. तिची परीक्षा कशी होते याची कल्पना सुशिक्षितांनाही क्वचितच असते.

मराठी वाचकाला धार ठाऊक आहे ती पवारांची, दुसऱ्या बाजीरावाच्या जन्माची. आजच्या जिल्ह्याची दोन रूपे आहेत. एकीकडे पीथमपूरची औद्योगिक वसाहत; पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीनेही तेथे कारखाना उभारला. दुसरीकडे भिल्ल-भिलालांची डोंगराळ खेडी. तेथील शेती वर्षभर पोसत नाही, म्हणून माणसे मजुरीसाठी गुजरातकडे जातात. धार, झाबुआ व अलिराजपूर भागांतील अशी शेकडो माणसे गोध्रा व बालासिनोर येथील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामास लागली. पांढराशुभ्र भुकटीचा तो धंदा. भुकटी काच बनविणाऱ्यांकडे जाई, आणि तिचा अतिसूक्ष्म अंश मजुरांच्या छातीत राही. काही वर्षांतच तरुण माणसे दम लागून घरी परतू लागली. बहुतेकांना आधी क्षयरोगच वाटला. प्रत्यक्षात तो सिलिकोसिस होता. गारगोटीच्या कणांनी फुप्फुसे निबर करणारा हा विकार औषधाने बरा होत नाही. २०१० साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस गुजरात शासनास केली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई देण्याचा आदेश दिला. यांपैकी बहुतेकांजवळ आपण तेथे काम केल्याचा साधा कागदही नव्हता.

यातील खरी अडचण अशी की, गारगोटीच्या धुळीला वास नाही, चव नाही, आणि तिचा जो कण सर्वांत घातक तो डोळ्यांस दिसतही नाही. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे कण त्याच्या दहाव्या भागाहूनही बारीक असतात. जी धूळ डोळ्यांस दिसते, कपड्यांवर बसते, ती बहुतांशी नाकाघशातच अडकते. म्हणून "आज धूळ कमी आहे" या अनुभवी मुकादमाच्या बोलण्यालाही फारसा अर्थ नसतो. नाकावर भिस्त ठेवावी, तर कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की वासाची जाणीवच बधिर करून टाकतो. पूर्वी इंग्लंडच्या कोळसाखाणीत पिंजऱ्यातला कनारी पक्षी नेत. वायू विषारी असल्यास माणसाआधी पक्षी कोसळे. धुळीच्या बाबतीत मात्र पक्ष्याचा काही उपयोग नाही, कारण ती मिनिटांत नव्हे, वर्षांत मारते.

तेव्हा हवेतील धूळ तोलावी लागते. कामगाराच्या कमरेला एक लहानसा विजेरीवरचा पंप बांधतात. त्याची नळी खांद्यावरून कॉलरपर्यंत येते, आणि तेथे, नाकापासून एक फुटाच्या आत, गाळणीची चकती बसविलेली असते. चकतीच्या आधी एक छोटी पोकळ नळी असते. तीत हवा भोवऱ्यासारखी फिरते, जाड कण खाली पडतात आणि फुप्फुसात शिरण्याजोगे तेवढेच पुढे जातात. पंपाने मिनिटाला १.७ लिटर हवा ओढली, तर आठ तासांत ८१६ लिटर हवा चकतीतून जाते. चकती आधी अतिसूक्ष्म तराजूवर तोललेली असते, नंतर पुन्हा तोलतात. वाढलेले वजन ती धूळ. त्या धुळीत गारगोटी किती हे क्ष-किरणांनी ठरते.

मर्यादा किती, तेही पाहण्याजोगे आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कामाच्या जागेतील रासायनिक द्रव्यांच्या कमाल प्रमाणाची अनुसूची कायद्यात आली. गारगोटीसाठी तीत एक सूत्र होते: श्वसनयोग्य धुळीतील गारगोटीच्या टक्केवारीत दोन मिळवावे आणि त्या बेरजेने दहास भागावे. धुळीत ९८ टक्के गारगोटी असेल, तर उत्तर येते एका घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम. साधारण कष्टाच्या पाळीत मनुष्य सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो; म्हणजे दिवसाकाठी एक मिलिग्रॅम, तांदळाच्या दाण्याचा सुमारे विसावा भाग! एवढ्याशा वजनावर आयुष्याचा हिशेब असतो.

रंगशाळेतील द्रावकांच्या वाफेसाठी गाळणी चालत नाही. तेथे काचेच्या बारीक नळीत बहुधा नारळाच्या करवंटीचा कोळसा भरतात. कोळसा वाफ धरून ठेवतो, आणि प्रयोगशाळेत ती सोडवून मोजतात. पातळ रंगातील टोल्यूइनची मर्यादा त्याच अनुसूचीत दहा लाख भाग हवेत शंभर भाग होती. घाईच्या प्रसंगी रंग बदलणाऱ्या नळ्याही वापरतात. त्या लगेच सांगतात, पण ढोबळ सांगतात.

उपकरण कोठे ठेवले यावर पुष्कळसे अवलंबून असते. ते भिंतीवर, खिडकीजवळ टांगले की आकडा बहुधा सौम्य येतो. कारण माणूस यंत्रावर वाकून काम करतो, भिंत वाकत नाही. १९६० साली शेरवूड व ग्रीनहाल्ग या दोघा ब्रिटिश संशोधकांनी अंगावर वागविण्याजोगा पंप वर्णिला आणि हा भेद उघड झाला. मापनाच्या दिवशी यंत्रे संथ चालवावीत, सगळी दारे उघडावीत, हेही कोठे कोठे होते. त्याला परीक्षा म्हणता येत नाही. नेहमीची पाळी, नेहमीचा माल आणि सर्वांत धुळीच्या जागेवरचा माणूस निवडला, तरच आकड्यास किंमत.

धारच्या उत्तरेस, माळव्यातच, मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली कापण्याचा धंदा होता. मुलांच्या हाती अक्षरे देणाऱ्या त्या पेन्सिली! अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील ५९३ कामगार तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस आढळला. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. अशा ठिकाणी धूळ उडते त्याच जागी शोषक तोंड बसवून ती पंख्याने ओढून घेणे, शक्य तेथे दगड ओला करून कापणे, हे उपाय ज्ञात आहेत. तोंडावरचा फडका त्यांत मोडत नाही. त्याच्या विणीतून घातक कण सहज आत जातात. शोषक बसविल्यानंतर त्याच माणसाच्या कॉलरला नवी चकती लावावी, ती पुन्हा तोलावी, आणि दोन्ही आकडे त्यालाही वाचून दाखवावेत.