बोडीतली बोटुकली

मंडळी, परदेशात राहून गावासाठी काही करायचं म्हटलं की आपला हात प्रथम चेकबुकाकडे जातो. माझाही गेला. त्यातून मिळालेला धडा तुमच्यापुढे ठेवतो.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीकडचं. हा तळ्यांचा मुलूख. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे 'मालगुजारी' म्हणून ओळखले गेलेले हे तलाव धानाला पाणी देतात आणि ढीवर समाजाला मासळी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. आता ढीवरांच्या सहकारी संस्था ते ठेक्याने घेतात. ठेक्याचे पैसे मात्र भरायचेच, मग जाळ्यात मासा येवो न येवो.

काही वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा संस्थेची मंडळी म्हणाली, "बीज टाकायला पैसा नाही." इथल्या आम्ही चार मित्रांनी रक्कम जमवून पाठवली. जुलैत कटला, रोहू आणि मृगळ यांचं बीज आणून थेट तलावात सोडलं गेलं. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळातलं. म्हणजे एकाच पाण्यात तीन पिकं! माझ्यासारख्या इंजिनियरला हा हिशेब फारच पटला. पण उन्हाळ्यात जाळं ओढलं, तर मजुरी सुटण्याइतकाही मासा निघाला नाही.

मी फोनवर जरा चिडूनच विचारलं. संस्थेतले एक म्हातारे काका शांतपणे म्हणाले, "बाबू, पाळण्यातलं लेकरू उचलून भरल्या बाजारात सोडलं आपन. हरपलंच ना मंग!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू जिऱ्याएवढं, म्हणून ते मत्स्यजिरे. दोन-तीन आठवड्यांत ते इंचभर होतं. अडीच-तीन महिने नीट वाढवलं की बोटाएवढी 'बोटुकली' तयार होते. मोठ्या तलावात मरळीसारखे मांसाहारी मासे असतात, इंचभर बीज म्हणजे त्यांचा घास. उरलेलं पावसात सांडव्यावरून वाहून जातं.

म्हणजे कमी पडला होता तो पैसा नव्हे, तीन महिन्यांचा पाळणा! आणि तो गावातच होता. आमच्याकडे शेताजवळच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. तिच्यात पाणी जेमतेम हिवाळ्यापर्यंत टिकतं, पण बोटुकलीला तेवढं पुरतं.

पुढच्या वर्षी बचत गटाच्या बायकांनी एक पडीक बोडी हाती घेतली. आधी बेशरमाची झुडपं उपटली, चुना आणि शेण टाकलं. बीज सोडल्यावर रोज सकाळी तांदळाचा कोंडा आणि ढेप. धानाच्या मुलखात कोंड्याला काय तोटा! ऑक्टोबरात सांडवा थांबल्यावर त्यांनी बोटुकली मोजून संस्थेला विकली. माझा हातभार एवढाच, की बोडीच्या तोंडाला बसवायच्या जाळीचं चित्र काढून पाठवलं. ती जाळी पहिल्याच पावसात पालापाचोळ्याने तुंबली, आणि बायकांनी तिथे बांबूची ताटी लावली!

त्यानंतरच्या उन्हाळ्यात संस्थेने ठेका स्वतःच्या मासळीतून भरला. गटाने पुढच्या बीजाचे पैसे बाजूला काढले. हा काही जादूचा दिवा नव्हे. एका वर्षी पावसाने दगा दिला, बोडी सप्टेंबरातच आटली आणि गटाची मेहनत वाया गेली. तरी त्यांनी पुढच्या जुलैत पुन्हा बीज आणलं, आमच्याकडे पैसे न मागता.

ही वाट नवीन नाही. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधुरी यांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची पैदास करण्यात यश आलं. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागे. आंध्रचे डॉ. मोदडुगू विजय गुप्ता यांनी बांगलादेशात रस्त्याकडेचे खड्डे आणि काही महिनेच पाणी धरणारी डबकी गरीब कुटुंबांना, विशेषतः बायकांना, मत्स्यशेतीसाठी वापरायला शिकवली. त्यांना २००५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

तेव्हा मंडळी, पुढच्या सुट्टीत तळ्याकाठच्या गावी गेलात, तर "पैसे किती हवेत?" हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, "बीज वाढवता कुठे?"