छाटणीनंतरची नवी फूट: द्राक्षवेलीची कमाई आणि किडींची संधी

कुंपणाची मेंदी असो, अंगणातील मोगरा असो वा मांडवावरची द्राक्षवेल, छाटणीनंतर फुटण्यामागील प्रक्रिया एकच आहे. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरताना बगलेतील डोळ्यांना निद्रिस्त ठेवते. शेंडा कापला की हा प्रवाह खंडित होतो, शेंड्याकडे जाणारी साखर खालच्या डोळ्यांना मिळते आणि सायटोकायनिनच्या प्रभावाने ते फुगू लागतात. नवी पाने स्वतःचे अन्न तयार करू लागेपर्यंत ही सारी वाढ खोड, ओलांडे व मुळे यांतील साठ्यावरच चालते. या काळात फुटीची हानी झाली, तर वेलीस तोच साठा पुन्हा खर्ची घालावा लागतो.

दोन छाटण्या, एक पीक

थंड प्रदेशातील द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते. नाशिक, सांगली, सोलापूरच्या हवामानात तिला तशी विश्रांती मिळत नाही. म्हणून येथे वर्षाला दोन छाटण्या व एकच पीक ही पद्धत रूढ झाली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या तयार होतात आणि त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर तोच घड बाहेर पडतो.

द्राक्षाच्या डोळ्यात मुख्य कळीबरोबर राखीव कळ्याही असतात. मुख्य कळी नष्ट झाल्यास राखीव कळी फुटते आणि वेल हिरवी दिसते. परंतु त्या फुटीवर घड बहुधा नसतो, असल्यास लहान असतो. म्हणजेच ऑक्टोबरात गमावलेला डोळा ही सहा महिन्यांपूर्वीच्या कमाईची हानी असते.

उडद्या भुंगेरा

ही हानी प्रामुख्याने उडद्या भुंगेरा करतो. फळ छाटणीनंतर फुगणारे डोळे तो कुरतडून पोखरतो. पुढे पानांवर लांबट छिद्रे दिसतात, पण तोवर मुख्य नुकसान झालेले असते. मादी सुटलेल्या सालीखाली अंडी घालते व अळ्या जमिनीत बारीक मुळ्यांवर जगतात. धक्का लागताच भुंगेरा मेल्याचे सोंग घेऊन खाली पडतो. या सवयीचा लाभ घेऊन सकाळी वेली हलवाव्यात आणि खाली धरलेल्या रॉकेलमिश्रित पाण्याच्या भांड्यात भुंगेरे गोळा करावेत.

पिठ्या ढेकूण

पिठ्या ढेकूणही सुटलेल्या सालीखाली दडून राहतो व नव्या फुटीसोबत वर सरकतो. तो घडात शिरल्यानंतर फवारा त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते. मधुरसासाठी येणाऱ्या मुंग्या त्याच्या नैसर्गिक शत्रूंना हुसकावतात. म्हणून मुंग्यांचे नियंत्रण हाही उपाययोजनेचा भाग होय. क्रिप्टोलिमस हे परभक्षी भुंगेरे सोडले असल्यास तीव्र कीटकनाशकांचा वापर टाळावा.

औषधांची निवड

फरीदाबाद येथील वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयात केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचे सचिवालय आहे. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार कोणते औषध कोणत्या पिकावर व कोणत्या मात्रेत वापरावे, याची मान्यता ही समिती देते. बाटलीवरील लेबल हे त्या मान्यतेचेच लेखी रूप आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात नाकारली गेली. हे रसायन काडीची वाढ रोखण्यासाठी खरड छाटणीनंतर वापरले जात असे. कोवळ्या फुटीवरील फवारणीचा हिशेब काढणीच्या वेळी द्यावा लागतो, हा त्यातील धडा आहे.

फूट एकसारखी यावी म्हणून डोळ्यांना लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइड त्वचेस व दृष्टीस घातक आहे. ते लावणाऱ्या मजुरांस हातमोजे व चष्मा द्यावा. त्या काळात मद्यपान केल्यास गंभीर त्रास होतो, याची कल्पना त्यांना आधीच द्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबींवर भर द्यावा

- छाटणीनंतर खोड व ओलांड्यांवरील सुटलेली साल काढून बागेबाहेर नष्ट करावी.
- किडग्रस्त काड्या बांधावर रचून ठेवू नयेत.
- डोळे फुगल्यापासून पाने उमलेपर्यंत बागेचे रोज सकाळी निरीक्षण करावे.
- लेबलवर द्राक्षाचा उल्लेख असलेलेच औषध वापरावे, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळावा आणि प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी.