पुस्तक कोणाचे?

एखादा विद्यार्थी साठविलेल्या पैशांतून एक शब्दकोश विकत घेतो. तो कोश त्याच्या मालकीचा होतो. तो त्याने कितीही वेळा वाचावा, मित्रास द्यावा, जुना झाल्यावर विकावा. त्यास कोणाची हरकत नसते. पुढे त्या कोशास वाळवी लागते. त्याच कोशाची डिजिटल प्रत कोणीतरी परवानगीवाचून इंटरनेटवर फुकट ठेवलेली त्यास आढळते. 'किंमत तर एकदा दिलीच आहे. मग ही प्रत घेण्यात गैर ते काय?' असे त्याच्या मनात येते.

पुस्तकात दोन वस्तू असतात. एक कागद, शाई व बांधणी. दुसरी लेखकाने रचलेला मजकूर. ग्राहक पहिली वस्तू विकत घेतो. मजकुराच्या प्रती काढण्याचा हक्क लेखकाकडे, अथवा त्याने तो ज्यास दिला असेल त्या प्रकाशकाकडे राहतो. ह्या हक्कास कॉपीराइट म्हणतात. भारतात ह्यासंबंधीचा कायदा १९५७ साली झाला. लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. पुढे ती रचना सर्वांची होते. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. म्हणून 'श्यामची आई' ह्या पुस्तकाच्या प्रती आज कोणीही काढू शकतो.

ह्या कायद्यात माणुसकीही आहे. खाजगी अभ्यासासाठी पुस्तकाचा रास्त उपयोग करण्यास तो मुभा देतो. अंध व्यक्तींस वाचता येतील अशा प्रती काढण्याची सवलत २०१२ च्या दुरुस्तीने मिळाली. शिवाय काही प्रकाशक आपण होऊन प्रती खुल्या करतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके इंटरनेटवर विनामूल्य मिळतात.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नाही; त्याने लेखकाचे देणे एकदा दिले आहे. परंतु ती फुकट प्रत केवळ कोश विकत घेतलेल्यांसाठी ठेवलेली नसते. तिच्यामुळे अनेकजण कोश विकत घेण्याचे टाळतात, आणि वर्षानुवर्षे खपून शब्द जमविणाऱ्या कोशकाराच्या श्रमांचे मोल बुडते. अशी प्रत घेणारा तो व्यवहार चालू ठेवण्यास हातभार लावतो.

म्हणून त्याने प्रथम प्रकाशकाची अधिकृत प्रत आहे काय ते पाहावे, ग्रंथालयात चौकशी करावी, किंवा प्रकाशकास पत्र लिहून आपली अडचण कळवावी. वाळवीतून वाचलेल्या पानांपैकी अभ्यासास लागतील तेवढ्यांची छायाचित्रे स्वतःपुरती काढून ठेवावी. ह्यास थोडे कष्ट पडतील. पण ज्याच्या श्रमांवर आपले ज्ञान वाढते, त्याच्यासाठी एवढे कष्ट घेणे हे वाचकाचे कर्तव्यच होय.