‘आत’ म्हणजे नेमके कुठे?

अंगणात रांगोळीने दोन वर्तुळे काढली, एक मोठे आणि त्याच्या आत एक छोटे, आणि एखाद्या पाच वर्षांच्या मुलीला सांगितले, ‘या बांगडीत लाल रंग भर,’ तर ती मधली जागा मोकळी ठेवून फक्त कड्यात रंग भरेल. बांगडी कशी असते, हे तिला ठाऊक असते. संगणकाला मात्र ते ठाऊक नसते. त्याच्यापुढे असते ती फक्त बिंदूंची यादी: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, तिथून पुढच्या बिंदूपर्यंत रेघ. एवढ्यावरून आकृतीच्या आतली जागा कोणती आणि बाहेरची कोणती, हे त्याला एखाद्या नियमानेच ठरवावे लागते. एरवी हा प्रश्न चित्रातल्या रंगापुरता असतो. पण २०००-२००१ मध्ये मध्य अमेरिकेतील पनामा या देशात अशाच एका प्रश्नाने कर्करोगाच्या रुग्णांचे जीव घेतले.

संगणकावर चित्र काढणारा प्रोग्रॅमर प्रत्येक ठिपका स्वतः रंगवत नाही. त्यासाठी तयार आज्ञांचा संच असतो, त्याला ग्राफिक्स लायब्ररी म्हणतात. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनी टर्बो सी या जुन्या प्रणालीवर अशा लायब्ररीतून झोपडी, मोटार, झेंडा काढला आहे. रंग भरण्याची तिथली एक पद्धत सोपी होती. आकृतीच्या आतला एक बिंदू दाखवायचा, मग रंग पाण्यासारखा चारी बाजूंना पसरत जातो आणि कडेच्या रेषेला अडतो. पण त्या रेषेत एका ठिपक्याची जरी फट राहिली, तरी रंग बाहेर फुटतो आणि झोपडीऐवजी सगळा पडदाच लाल होतो!

दुसऱ्या पद्धतीत संगणक स्वतःच ‘आत’ शोधतो. त्यामागची कल्पना शेताच्या कुंपणासारखी आहे. आपण कुठे उभे आहोत हे कळत नसेल, तर एका दिशेने नाकासमोर चालत सुटायचे आणि दूर मोकळ्या माळावर पोहोचेपर्यंत किती कुंपणे ओलांडली ते मोजायचे. संख्या विषम आली, तर सुरुवातीला आपण आत होतो. सम आली, तर बाहेर. स्वतःला न छेदणारी कोणतीही बंद रेषा कागदाचे ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे दोनच भाग करते, या उघड वाटणाऱ्या विधानाची सिद्धता फ्रेंच गणिती कामिय जॉर्दां यांनी १८८७ मध्ये मांडली. बांगडीच्या मधल्या पोकळीतून निघाले, तर दोन कुंपणे लागतात. दोन ही सम संख्या, म्हणून पोकळी बाहेर. उत्तर बरोबर आले.

मात्र लायब्ररीत आणखी एक नियम वापरात आहे आणि त्यात रेघ कोणत्या दिशेने काढली, याला महत्त्व असते. चालताना डावीकडून उजवीकडे जाणारी रेघ ओलांडली, तर एक मिळवायचा. उजवीकडून डावीकडे जाणारी ओलांडली, तर एक वजा करायचा. शेवटी शून्य उरले तर जागा बाहेरची, नाहीतर आतली. आता तीच बांगडी घेऊ. बाहेरचे वर्तुळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि आतले त्याच्या उलट काढले, तर पोकळीतून निघाल्यावर एक अधिक, एक वजा, म्हणजे शून्य. पोकळी मोकळी राहते. दोन्ही वर्तुळे एकाच दिशेने काढली, तर बेरीज किंवा वजाबाकी दोनची होते. ती शून्य नाही, म्हणून पोकळीतही रंग भरला जातो. डोळ्यांना दोन्ही आकृत्या हुबेहूब सारख्या दिसतात, पण रंग भरल्यावर एक बांगडी होते आणि दुसरी भाकरी.

यात कोणता नियम चूक, असे म्हणता येत नाही. छपाईसाठी १९८० च्या दशकात आलेल्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत दोन्ही नियमांसाठी वेगवेगळ्या आज्ञा होत्या. आजच्या वेब पानांवरच्या चित्रांतही दोन्ही उपलब्ध आहेत, मात्र काही सांगितले नाही तर दिशेचा नियम लागू होतो. संगणकावरच्या ट्रूटाइप फॉन्टमध्येही अक्षरे याच नियमाने भरली जातात. ‘ठ’ किंवा ‘व’ मधली पोकळी मोकळी दिसते, ती आतली कड बाहेरच्या कडेच्या उलट दिशेने काढलेली असते म्हणून. ती दिशा चुकली तर अक्षराचा काळा गोळा होतो. फॉन्ट तयार करणाऱ्याला ही चूक लगेच दिसते, तो ती दुरुस्त करतो आणि विषय संपतो.

पनामातल्या चुकीचे असे झाले नाही. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ओटीपोटातील कर्करोगाच्या रुग्णांवर कोबाल्ट यंत्राने किरणोपचार होत असत. किरणांपासून निरोगी भाग वाचवण्यासाठी मध्ये संरक्षक ठोकळे ठेवतात. या ठोकळ्यांच्या कडा संगणकात नोंदवल्या की रुग्णाला किती वेळ किरण द्यायचे, ते सॉफ्टवेअर सांगत असे. हे सॉफ्टवेअर जास्तीत जास्त चार ठोकळे स्वीकारत होते. डॉक्टरांना काही रुग्णांसाठी पाचवा हवा होता. ऑगस्ट २००० पासून तिथल्या भौतिकतज्ज्ञांनी त्यावर तोड काढली. अनेक ठोकळे मिळून मध्ये मोकळी जागा असलेला एकच मोठा ठोकळा आहे, अशा रीतीने कडा नोंदवायच्या. बाहेरची एक कड, आतली एक कड, आपल्या बांगडीसारखीच.

सॉफ्टवेअरने ती आकृती मुकाट्याने स्वीकारली. कोणताही इशारा आला नाही. आतली कड एका दिशेने नोंदवली, तर उपचाराचा वेळ बरोबर निघत होता. दुसऱ्या दिशेने नोंदवली, तर तो सुमारे दुप्पट निघत होता. २८ रुग्णांना अशा चुकीच्या हिशेबाने किरण दिले गेले. नोव्हेंबर २००० च्या सुमारास काही रुग्णांचे जुलाब नेहमीपेक्षा फार लांबत असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले, पण उपचाराच्या कागदपत्रांत काही वावगे सापडले नाही. खरे कारण उघड व्हायला मार्च २००१ उजाडला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी त्या वर्षी तिथे जाऊन चौकशी केली. तोपर्यंत या २८ पैकी आठ रुग्ण दगावले होते आणि त्यांपैकी पाच मृत्यू बहुधा अतिरिक्त किरणांमुळेच झाले, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या चौकशीतून पुढे आलेली एक बाब गणिताइतकीच महत्त्वाची आहे. संगणकाने दिलेला वेळ तिथे कोणी हाताने पडताळून पाहत नव्हते. कोबाल्ट यंत्राची तीव्रता, रुग्णाच्या शरीराची जाडी आणि किरणक्षेत्राचा आकार माहीत असला, की उपचाराचा अंदाजे वेळ कागदावर काढता येतो. वेळ दुप्पट आल्याची चूक पकडायला तेवढा अंदाज पुरेसा होता. आकृती नोंदवण्याची नवी पद्धत रुग्णांवर वापरण्याआधी ती तपासूनही घेतली गेली नव्हती. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतील सूचना स्पष्ट नव्हत्या, हेही त्या अहवालात नोंदले आहे.

आता बऱ्याच ठिकाणी ठोकळ्यांची जागा यंत्रातच बसवलेल्या धातूच्या हलत्या पट्ट्यांनी घेतली आहे. पण भरलेल्या आकृत्या उपचारातून गेलेल्या नाहीत. उलट त्यांची संख्या वाढली आहे. उपचारापूर्वी रुग्णाचा सीटी स्कॅन काढतात. त्याच्या एकेका छेदावर डॉक्टर गाठीभोवती, मूत्राशयाभोवती, गुदाशयाभोवती रेघ आखतात. त्या रेघेच्या आत कोणते ठिपके येतात हे संगणक ठरवतो आणि त्यावरून गाठीच्या किती भागाला किती मात्रा मिळेल, शेजारच्या अवयवाला किती झळ लागेल, याचा हिशेब मांडतो. कडेवरचा ठिपका आत धरायचा की बाहेर, यावर छोट्या अवयवाच्या मापात फरक पडू शकतो. पडद्यावर दिसणारा रंगीत भाग म्हणूनच नुसती सजावट नसते, त्यावर पुढचा सगळा हिशेब उभा असतो.

याच कारणाने चांगल्या केंद्रात एका सॉफ्टवेअरच्या उत्तरावर विसंबून राहत नाहीत. भौतिकतज्ज्ञ तोच हिशेब दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने करून पाहतो. गुंतागुंतीच्या उपचारात रुग्णाआधी पाण्याच्या किंवा प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर किरण सोडून मात्रा प्रत्यक्ष मोजतात. भारतात किरणोपचार केंद्रांवर मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते आणि अशा केंद्रात प्रशिक्षित भौतिकतज्ज्ञ असणे बंधनकारक आहे. रुग्णाशी त्यांची गाठ क्वचितच पडते, त्यामुळे अनेकांना ते असतात हेही माहीत नसते.

किरणोपचाराला घाबरण्याचे कारण नाही. कर्करोगावरचा तो एक मुख्य आणि परिणामकारक उपचार आहे. मात्र ‘माझ्या उपचाराचा हिशेब दुसऱ्या कोणी तपासला आहे का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. उपचार सुरू असताना जुलाब, जळजळ किंवा रक्तस्राव डॉक्टरांनी आधी सांगितल्यापेक्षा जास्त किंवा लांबलेला वाटला, तर ‘हे असायचेच’ म्हणून अंगावर न काढता त्यांना सांगावे. पनामात काहीतरी बिघडले आहे याची पहिली खूण कागदपत्रांत दिसली नव्हती, ती रुग्णांच्या त्रासातून दिसली होती.