कर्ज त्यांचे, हप्ते आमचे

बँक खटला जिंकली म्हणून रस्त्यावर गाणी म्हणणारी माणसे मी आयुष्यात एकदाच पाहिली. नोकरीची बहुतेक वर्षे माझी कर्जविभागात गेली. तिथे येणारा माणूस आधी लाचार असतो आणि नंतर संतापलेला. बँकेविषयी प्रेम हा प्रकार फक्त आमच्या निवृत्ती समारंभातल्या भाषणांत ऐकायला मिळे. म्हणून १३ ऑक्टोबर २०१० चा तो दिवस लक्षात राहिला आहे.

माझा भाचा लिव्हरपूलला एका रुग्णालयात डॉक्टर आहे. रजा साठवून मी पंधरा दिवसांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. फुटबॉलमधले मला कळते ते इतकेच, की चेंडू एक असतो आणि त्यामागे बावीस जण धावतात. पण पहिल्याच संध्याकाळी शेजारचे गृहस्थ भेटायला आले. वय सत्तरीचे, सारी नोकरी गोदीत झालेली. मला वाटले, हवापाण्याच्या गोष्टी होतील. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी विचारले, ‘‘तुम्ही बँकेतले म्हणे. मग सांगा, होल्डिंग कंपनी बुडाली आणि क्लब बुडाला नाही, तरी आमचे नऊ गुण कापतील का?’’

मी गार पडलो. दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेलेल्या क्लबचे नऊ गुण कापण्याचा प्रीमियर लीगचा नियम होता. पण मूळ कंपनी आणि उपकंपनी यांतला भेद आमच्याकडे प्रोबेशनरी ऑफिसरलाही दोनदा समजावून सांगावा लागतो. हे गृहस्थ तो कोळून प्यायले होते.

हकीगत थोडक्यात अशी. फेब्रुवारी २००७ मध्ये टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या दोन अमेरिकनांनी लिव्हरपूल फुटबॉल क्लब विकत घेतला. क्लबवर कर्जाचा बोजा टाकणार नाही, असे आश्वासन दिले, नवे मैदान बांधण्याचीही भाषा केली. खरेदीचा पैसा मुख्यतः रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडकडून कर्जाऊ आला होता. जानेवारी २००८ मध्ये या बँकेने आणि अमेरिकेतल्या वाकोव्हिया बँकेने मिळून ३५ कोटी पौंडांचे नवे कर्ज दिले आणि त्यातला काही भाग थेट क्लबच्या माथी आला. नवे मैदान कागदावरच राहिले.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर, एखाद्याने चाळ विकत घ्यावी, त्यासाठी कर्ज काढावे, चाळच तारण ठेवावी आणि हप्ते भाडेकऱ्यांच्या भाड्यातून फेडावेत. बेकायदा यात काही नाही. शहाणा भाडेकरू खोली सोडून जाईल. इथली अडचण ही, की भाडेकरू जायला तयार नव्हता. लिव्हरपूलचा माणूस चिडला म्हणून एव्हर्टनचा होत नाही. माल वाईट निघाला तरी दुकान न बदलणारे गिऱ्हाईक हे सावकाराच्या दृष्टीने केवढे उत्तम तारण! मीही असा प्रस्ताव आनंदाने मंजूर केला असता, हे इथे कबूल करतो.

ज्या कंपनीमार्फत हा व्यवहार झाला तिचे नाव होते कॉप फुटबॉल. ‘कॉप’ म्हणजे अ‍ॅनफिल्ड मैदानावरची चाहत्यांची सर्वांत लाडकी बाजू. बोअर युद्धातल्या स्पायन कॉप या टेकडीवरून ते नाव पडले. त्याच टेकडीवरच्या जखमींना गांधीजींच्या भारतीय पथकाने डोल्यांतून वाहून नेले होते. त्या लढाईत पडलेल्यांच्या स्मरणाचे नाव कर्जखात्याच्या पाटीवर लागले, याचा त्या गृहस्थांना व्याजापेक्षा जास्त राग होता. व्याजही कमी नव्हते. जुलै २००९ ला संपलेल्या वर्षात मूळ कंपनीने सुमारे चार कोटी पौंड व्याजापोटी मोजले.

चाहते एकमताचे होते असे मात्र समजू नका. भाच्याच्या दिवाणखान्यात रोज वाद झडत. कुणी म्हणे सामन्यांवर बहिष्कार घाला, गल्ला आटला की मालक पळतील. त्यावर दुसरा म्हणे, मैदान रिकामे दिसले तर खेळाडूंनी काय करायचे? खुद्द भाच्याचे मत, मालक कुणीही असो, एक चांगला स्ट्रायकर घ्या. २००८ मध्ये क्लब चाहत्यांनीच विकत घ्यावा, अशी एक योजना निघाली होती: एक लाख माणसे, प्रत्येकी पाच हजार पौंड, म्हणजे पन्नास कोटी. गुणाकार बरोबर होता. पण पाच हजार पौंड शिल्लक असलेली एक लाख माणसे आणायची कुठून? योजना बारगळली. टिकली ती ‘स्पिरिट ऑफ शँक्ली’ ही संघटना. क्लबचे थोर प्रशिक्षक बिल शँक्ली यांच्या नावाची ही संघटना जानेवारी २००८ च्या अखेरीस मैदानाजवळच्या सँडन या पबमध्ये जन्मली.

शेजारी मला मुद्दाम तो पब दाखवायला घेऊन गेले. अ‍ॅनफिल्डवर आधी एव्हर्टन खेळत असे आणि सँडनचे मालक, मद्यउत्पादक जॉन होल्डिंग, हे त्यांचे कर्तेधर्ते होते. १८९२ मध्ये भाड्यावरून आणि मालकीवरून भांडण झाले. एव्हर्टन बिऱ्हाड उचलून गुडिसन पार्कला गेले. होल्डिंग यांच्या हाती रिकामे मैदान उरले, म्हणून त्यांनी नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. ‘‘आमचा जन्मच घरमालकाच्या भांडणातला,’’ शेजारी म्हणाले आणि त्यांनी मला बिल देऊ दिले नाही.

परतताना त्यांनी विचारले, ‘‘तुमच्या वहीत आमचे नाव कुठल्या रकान्यात येते?’’ मी हसून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर हा प्रश्न मी आधी ऐकला होता. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका आजारी गिरणीची फाईल माझ्या टेबलावर होती. एक कामगार तीनदा खेटे घालून शेवटी माझ्यासमोर उभा राहिला. ‘‘साहेब, गिरणी नक्की कुणाची?’’ मी म्हणालो, कागदावर ज्यांचे नाव आहे त्यांची. उत्तर नियमाला धरून होते. तो ‘बरं’ म्हणाला आणि जिना उतरून गेला. मी दुसरी फाईल उघडली.

लिव्हरपूलकरांनी मात्र ‘बरं’ म्हटले नाही. त्यांनी बँकेलाच गाठले. २००८ च्या पडझडीत रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड ब्रिटिश सरकारने करदात्यांच्या पैशाने वाचवली होती, तेव्हा बँकेला जाब विचारणे सोपे झाले. हिक्स जिथे जिथे नवे कर्ज मागत होते तिथे तिथे पत्रांचा आणि ईमेलचा पाऊस पडला. यांना मुदत वाढवून देऊ नका! कर्जदार सोडून तिसऱ्याच कुणी अशी विनंती केल्याचे मी कधी ऐकले नव्हते.

कर्ज फेडायची मुदत होती १५ ऑक्टोबर. अध्यक्ष मार्टिन ब्रॉटन आणि दोन संचालकांनी तीन विरुद्ध दोन मतांनी क्लब तीस कोटी पौंडांना विकायचे ठरवले. घेणार होती जॉन हेन्री यांची न्यू इंग्लंड स्पोर्ट्स व्हेंचर्स. हिक्स यांनी ते दोन संचालकच बदलायचा घाट घातला. पण असे बदल फक्त ब्रॉटनच करू शकतील, ही अट बँकेने करारात आधीच घालून घेतली होती. (ती अट सुचवणाऱ्या अनाम अधिकाऱ्याला माझा नमस्कार.) १३ तारखेला लंडनच्या उच्च न्यायालयात न्या. फ्लॉइड यांनी बँकेच्या बाजूने निकाल दिला आणि बाहेर गाणी सुरू झाली. ते दृश्य मी शेजाऱ्यांच्या दूरचित्रवाणीवर पाहिले. रात्री बातमी आली, हिक्स आणि जिलेट यांनी थेट टेक्सासच्या न्यायालयातून मनाई हुकूम आणला. १४ ला फ्लॉइड यांनी तो मागे घ्यायला फर्मावले, १५ ला सकाळी तो मागे घेतला गेला आणि दुपारी विक्री पुरी झाली. जुन्या मालकांना त्यातून काही मिळाले नाही. नुकसानभरपाईचे दावे पुढेही चालले आणि २०१३ मध्ये तडजोडीने मिटले.

त्या संध्याकाळी गल्लीत आनंद होता. शेजारी मात्र नव्या मालकांचा कागद शोधत होते. ‘‘हे पैसे तरी त्यांचे स्वतःचे का?’’ दोन दिवसांनी, रविवारी, लिव्हरपूलचा संघ एव्हर्टनकडून २-० असा हरला.

नवे मालक त्या मानाने बरे निघाले. खरेदीचे कर्ज फिटले, २०२० मध्ये तीस वर्षांनी लीगचे विजेतेपद मिळाले, २०२५ मध्ये पुन्हा. तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या तिकिटाच्या निषेधार्थ हजारो प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून गेले आणि मालकांना दरवाढ मागे घ्यावी लागली. एप्रिल २०२१ मध्ये श्रीमंत क्लबांच्या स्वतंत्र सुपर लीगचा बेत दोन दिवसांत कोसळला, तेव्हा जॉन हेन्रींनी चाहत्यांची माफी मागितली.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र नियंत्रक नेमणारा कायदा झाला. मालकांची पारख करण्याचा अधिकार त्याला आहे. आठवड्याभरात भाच्याचा फोन आला. शेजारी आता पंच्याऐंशीचे, गुडघ्यांमुळे मैदानावर जात नाहीत. ‘‘मामा, त्यांनी निरोप दिलाय. मालकाचा पैसा कुठून आला ते नियंत्रक विचारेल, हे ठीक. पण उद्या त्याने क्लबच तारण ठेवला, तर नाही म्हणायची ताकद कुणाची?’’

कायदा मागवून घेतला आहे. बराच लांब आहे. रोज सकाळी चहाबरोबर चार-पाच पाने वाचतो.