मृगातल्या तेजोमेघाचे रंग खरेच आहेत

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘हे लाल-गुलाबी रंग कॉम्प्युटरवर भरलेत ना?’ शंका साहजिक आहे, कारण दुर्बिणीला डोळा लावला तर तिथे राखाडी-हिरवट धुरकट डाग दिसतो. पण कमी पडतो तो आपला डोळा. अंधुक प्रकाशात आपण दृष्टिपटलावरच्या दंडपेशींच्या भरवशावर पाहतो. त्यांना रंग कळत नाहीत आणि गडद लाल प्रकाश तर जवळजवळ जाणवतच नाही. तेजोमेघाच्या गाभ्यातल्या ‘ट्रॅपिझियम’ या तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सोडवतात. ते पुन्हा अणूत सामावताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बाहेर पडतो आणि कॅमेरा तो मिनिटामिनिटाने साठवत जातो. प्रक्रिया करताना रंगांचा उठाव वाढवतात हे खरं, पण लाल रंग तिथला स्वतःचाच. उलट साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा फिल्टर यातला बराचसा लाल अडवतो, म्हणून कित्येक हौशी मंडळी तो बदलून घेतात.

मोठी दुर्बीण हवीच, हा समज तर खिशाला फार महाग पडतो. हा तेजोमेघ सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर असूनही आकाशात एक अंशाहून जास्त पसरलाय. दोन पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा. लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीत तो चौकटीबाहेर जातो. ८० मिलिमीटर व्यासाची, ४००-५०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण भरपूर झाली. उरलेले पैसे माउंटवर घाला. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. माउंटने अचूक पाठलाग केला नाही, तर ताऱ्यांच्या रेघा होतात. त्यासाठी माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखावा लागतो. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो. उत्तरेला इमारत किंवा धुरकं असलं की तो दिसतच नाही, म्हणून जागा निवडताना आधी उत्तर बघावी.

हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी ११ इंची दुर्बिणीने याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, एकाच ५१ मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये. आज तसं करायची गरज नाही. दोन-दोन मिनिटांच्या अनेक फ्रेम एकावर एक रचल्या की नको असलेला दाणेदारपणा विरतो: फ्रेम चौपट, दाणे निम्मे. मात्र इतक्या वेळात गाभा पांढराफटक होतो, ट्रॅपिझियमचे तारे त्यात बुडून जातात. त्यासाठी पाच-दहा सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन त्या गाभ्यापुरत्या मिसळाव्यात.

शहरातून हे जमतच नाही, असंही नाही. फक्त हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा हिरवट-निळा प्रकाश सोडणारा अरुंद पट्ट्याचा फिल्टर रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड गाळून टाकतो. पण तेजोमेघाभोवतीची धूळ ताऱ्यांचा प्रकाश नुसता परावर्तित करते. त्या प्रकाशात सगळेच रंग असल्याने फिल्टर तोही गाळतो. ती निळसर धूळ फोटोत हवी असेल, तर अंधाऱ्या आकाशाखालीच जावं लागतं.